स्लॅक बंद करतोय. २०२० पासूनचं साइटवरचं बोलणं बाहेर कसं काढू?

स्लॅबवाली_नाशिक

नमस्कार मंडळी. मी कॉम्प्युटरवाली नाही हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे उत्तरं त्या बेताने द्याल. नाशिकला एका आरसीसी कन्सल्टंटचं, म्हणजे इमारतीच्या सळई-काँक्रीटचं डिझाइन करणाऱ्याचं, ऑफिस सांभाळते. ड्रॉइंगची आवक-जावक, बिलं, साइट व्हिजिटचं वेळापत्रक, आणि "सर कुठे आहेत" या प्रश्नाला दिवसभर वेगवेगळी उत्तरं देणं, हे माझं काम.

लॉकडाउनमध्ये, २०२० ला, सरांच्या मुलाने ऑफिसात स्लॅक, म्हणजे ऑफिसच्या कामाच्या चॅटचं ॲप, आणलं. दर साइटला एक चॅनेल. सुपरवायझर सळईचे फोटो टाकणार, आमचे इंजिनिअर बघून दुरुस्त्या सांगणार, शेवटी सर "कास्टिंग करा", म्हणजे काँक्रीट ओता, म्हणणार. पैसे भरून घेतलेला प्रो प्लॅन आहे. छान चाललं होतं. आता मुलगा परगावी, साइटवरची नवी पोरं व्हॉट्सॲपशिवाय काही उघडत नाहीत, आणि माणशी दरमहा पैसे जातात ते जातातच. सरांनी सांगितलं, मार्चअखेर बंद. मला म्हणाले, "जे काय आहे ते सगळं पेनड्राइव्हवर काढून ठेव."

सगळं कशाला, तर रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा बिल्डरांवरचा कायदा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो, कलम १४. आणि बिल्डरला कुणी विचारलं की त्याचं बोट कुणाकडे वळतं ते आरसीसीवाल्यांना सांगायला नको. त्या दिवशी आमच्याकडे काढून दाखवायला हवं, की बाबा, अमक्या कॉलमला आम्ही हे सांगितलं होतं, या तारखेला, हा फोटो बघून.

मी ॲडमिन आहे, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एक्सपोर्ट दाबलं. थोड्या वेळाने मेल आली, झिप उतरवली. एवढ्या वर्षांचे फोटो आणि झिप एवढीशी, तिथेच शंका आली. आत दर चॅनेलचा एक फोल्डर, फोल्डरमध्ये दर दिवसाची एक फाइल, नावाच्या शेवटी जेसन. नोटपॅडमध्ये उघडली. फोटो एकही नाही. माणसांची नावं नाहीत, त्या जागी यू ने सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची माळ. वेळेच्या जागी दहा आकडे, टिंब, पुढे आणखी सहा आकडे. आणि जिथे कुणी मराठीत लिहिलंय तिथे नुसते तिरपे दांडे आणि संख्या. सरांचा एक मेसेज तर अख्खा असा आहे: तिरपा दांडा, यू०९२८, तिरपा दांडा, यू०९३ई, मग तसंच ०९३९ आणि ०९४०. संपला. तो सरांचा आहे एवढं मला त्या माळेवरून कळलं. काय म्हणालेत ते देव जाणे.

शिवाय कुलूपवाले दोन चॅनेल आलेच नाहीत. एक पगाराचा, तो नको आहे. दुसरा सर आणि दोन सीनियर इंजिनिअर यांचा, डिझाइनवरची खरी भांडणं तिथेच झालेली आहेत.

मला हवंय ते इतकंच. एक साइट उघडली की तारीख, वेळ, कोण, काय म्हणालं, आणि कुठल्या फोटोवर म्हणालं. सरांना प्रिंट लागते, स्क्रीनवरचं ते वाचत नाहीत. हे घरच्या घरी होण्यासारखं आहे का, की कुणाला पैसे देऊन करून घ्यावं?

पवन_पिंपरी

ताई, स्क्रीनशॉट काढा ना. महत्त्वाचे तेवढे. नाहीतर मॅटरमोस्ट किंवा झुलिप, ही स्लॅकसारखीच चॅट, स्वतःच्या सर्व्हरवर लावा, दोन्हीत स्लॅकचा एक्सपोर्ट आत घेता येतो. फुकट आहे.

स्लॅबवाली_नाशिक

पवनभाऊ, महत्त्वाचे कुठले ते दोष निघाल्यावर कळतं. आज मला सगळे सारखेच. आणि सर्व्हर ठेवायला आमच्याकडे जी जागा आहे तिथे सध्या प्लॉटर आहे.

टर्मिनल_काका

सर्व्हर लावू नका. नवीन काही लिहायचंच नाही, नुसतं वाचायचं आहे, त्यासाठी दर महिन्याला अपडेट मागणारं यंत्र पाळायचं कशाला? मी इचलकरंजीला एका सूतगिरणीचं आयटी बघतो. आमच्याकडेही अशीच एक चॅट बंद केली होती, त्यामुळे हा रस्ता पायाखालचा आहे.

सगळ्यात आधी: मार्चअखेरपर्यंत थांबू नका, आणि हे काम पुरं होईस्तोवर प्लॅनला हात लावू नका. पैसे भरणं थांबलं की वर्कस्पेस, म्हणजे तुमच्या ऑफिसचं अख्खं स्लॅक, फुकटच्या प्लॅनवर येतो. तिथे मागच्या ९० दिवसांचंच दिसतं. आणि ऑगस्ट २०२४ पासून फुकटच्या प्लॅनवर एक वर्षाहून जुनं जे असेल ते पुसून टाकतात. झाकून ठेवत नाहीत, पुसतात. नंतर पैसे भरले तरी ते परत येत नाही.

आता तुमची झिप. ती बिघडलेली नाही. स्लॅक एक्सपोर्ट असाच देतं. तो माणसाने वाचायला नसतो, दुसऱ्या प्रोग्रामने वाचायला असतो. मराठी अक्षरं सुरक्षित आहेत, फक्त त्यांचे युनिकोडचे क्रमांक लिहिलेत. ती फाइल नोटपॅडऐवजी फायरफॉक्समध्ये ओढून टाका, तिथे अक्षरं दिसतील. तुमच्या सरांचं कोडं मी इथेच सोडवतो: ०९२८ म्हणजे न, ०९३ई काना, ०९३९ ह, ०९४० दीर्घ वेलांटी. सर "नाही" म्हणालेत.

कशाला नाही म्हणालेत, ते मात्र त्या फाइलमध्ये सापडेलच असं नाही. तुमच्या कामात मला सगळ्यात धोक्याची वाटते ती ही जागा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्लॅकवर एखाद्या मेसेजखाली थ्रेडमध्ये उत्तर दिलं की पडद्यावर प्रश्न-उत्तर एकाखाली एक दिसतात. एक्सपोर्टमध्ये तसं नसतं. उत्तर ज्या दिवशी दिलं त्या दिवसाच्या फाइलमध्ये ते जाऊन बसतं. सुपरवायझरने शनिवारी विचारलं आणि सरांनी सोमवारी उत्तर दिलं, तर प्रश्न शनिवारच्या फाइलमध्ये आणि "नाही" सोमवारच्या. सोमवारची फाइल कुणी नुसती वरून खाली छापली तर ते "नाही" त्याच्यावर जो कुठला मेसेज योगायोगाने असेल त्याला चिकटलेलं दिसणार. वरती कुणी "फोटो पाठवू का" विचारलेलं असलं तर सर फोटोला नाही म्हणाले असा अर्थ निघेल. प्रत्येक उत्तराजवळ थ्रेड-टीएस नावाची एक संख्या असते, ती मूळ प्रश्नाच्या टीएस या संख्येशी जुळते. ही जुळणी करणारा प्रोग्रामच वापरायचा. कुणी "दहा मिनिटांत एक्सेलमध्ये घेऊन देतो" म्हणालं तर पहिला प्रश्न हा विचारा, की थ्रेड जुळवणार का.

टीएस म्हणजेच ती दहा आकडे, टिंब, सहा आकडे. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तो हिशोब, तोही ग्रिनिचच्या वेळेने. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. हे विसरलं तर पहाटे साडेपाचच्या आधीचा प्रत्येक मेसेज आदल्या तारखेला पडतो, आणि स्लॅबचं कास्टिंग रात्रभर चालतं हे मी तुम्हाला सांगायला नको. एक्सेलमध्येच करायचं तर त्या संख्येला ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा, वर साडेपाच तासांचे ०.२२९१६७ मिळवा, आणि त्या खान्याला तारखेचा फॉरमॅट द्या. पण मूळ टीएसचा रकाना मजकूर म्हणूनच राहू द्या. एक्सेल पंधरा आकड्यांपुढचं धरत नाही आणि टीएसमध्ये सोळा आहेत. शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. टीएस हीच त्या मेसेजची ओळख, ती मोडली की मूळ फाइलशी ताडून बघताना तो मेसेज सापडत नाही.

नावांचं सोपं आहे. झिपमध्ये सगळ्यात बाहेर युझर्स नावाची एक फाइल असते, तिच्यात प्रत्येक माळेपुढे नाव आहे. सोडून गेलेल्या लोकांचीही असतात.

फोटो. एक्सपोर्टमध्ये फोटो नसतात, त्यांच्या लिंक असतात. या लिंकमध्ये एक टोकन असतं, म्हणजे ज्याच्या हातात ती झिप, तो लॉगिन न करता फोटो उतरवू शकतो. तेव्हा झिप कुणा ओळखीच्या "बघून सांगतो" म्हणणाऱ्याला मेल करू नका. आणि वर्कस्पेस गेला की लिंक गेल्या, मग उरेल ते "सर हा बघा" आणि त्याच्यापुढे काहीच नाही. तुमच्या धंद्यात फोटोविना मेसेज ठेवून काय करणार?

मी असतो तर स्लॅकडम्प वापरला असता. मुक्तस्रोत आहे, गिटहबवर मिळतो, विंडोजवर एक फाइल उतरवायची आणि चालवायची. तो तुमच्या स्वतःच्या लॉगिनने आत जातो आणि तुम्हाला जे दिसतं ते सगळं उतरवतो, फोटो आणि पीडीएफसकट. तुम्ही सभासद असाल ते कुलूपवाले चॅनेलही. काम सावकाश चालतं, रात्री लावून घरी जा. उतरलेलं नंतर त्याच प्रोग्रामने ब्राउझरमध्ये उघडता येतं, थ्रेडसकट, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. फक्त सुरू करण्याआधी सरांकडून दोन ओळींची परवानगी लेखी घ्या. तुमच्या लॉगिनने सगळ्या ऑफिसचं बोलणं बाहेर जातंय, उद्या कुणी विचारलं तर कागद हवा.

मूळ झिप मात्र ठेवाच, जशी आली तशी. तिच्यावर काम करायचं नाही, तिची प्रत काढून त्या प्रतीवर करायचं.

पायथन_पुणे

काकांचं सगळं मान्य, एक भर आणि एक मतभेद.

भर अशी. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल, करून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर डबल क्लिक करू नका, मराठीचा चिवडा होतो. डेटा मेनूतून टेक्स्ट-सीएसव्ही निवडा आणि तिथे विचारेल तेव्हा ६५००१, युनिकोड यूटीएफ-८ निवडा. मी स्वतः सीएसव्हीच्या भानगडीत पडत नाही, स्क्रिप्टमधूनच थेट एक्सेलची फाइल करते आणि मेसेजचा रकाना मजकूर म्हणून ठरवून टाकते. नाहीतर कुणी नुसतं "३/४" असं उत्तर दिलेलं असलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. साइटवरच्या बोलण्यात अशी उत्तरं किती असतात ते तुम्हालाच माहीत.

मतभेद प्रिंटबद्दल. सरांसाठी प्रिंट काढा, पण साठवायला पीडीएफ नको. मराठी पीडीएफमध्ये दिसायला सगळं नीट असतं, शोधायला गेलं की पंचाईत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी छापली जाते, जोडाक्षरांचे तुकडे होतात, आणि बऱ्याच पीडीएफमध्ये आतला मजकूर त्याच उलटसुलट क्रमाने बसतो. "विटा" शोधलं तर सापडत नाही, समोर दिसत असूनही. एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल, ठेवा. स्लॅक-एक्सपोर्ट-व्ह्यूअर नावाचा पायथनमधला छोटा प्रोग्राम आहे, तो झिपवरून पानं करून देतो, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात आणि शोधता येतात.

शोधण्यावरून आठवलं. तुमच्या साइटवरचे किती लोक मराठी देवनागरीत लिहितात? आमच्याकडे निम्म्याहून जास्त रोमनमध्ये लिहायचे आणि "सळई"चं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे शब्दावरून शोधण्याच्या भरवशावर राहू नका. तारीख आणि मजला यांवरून शोधायची सवय ठेवा. ड्रॉइंग नंबर लिहिलेले असतील तर उत्तमच, ते सगळे सारखेच लिहितात.

स्लॅबवाली_नाशिक

काका, "नाही"चा प्रश्न सापडला. दोन दिवस आधीच्या फाइलमध्ये होता. सुपरवायझरने विचारलं होतं, सी-७ ला १६ ची सळई कमी पडतेय, १२ ची जास्त टाकून चालेल का. सरांना दाखवलं तर म्हणाले, "मग? नाहीच म्हणणार." त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र त्या फाइलमध्ये त्या "नाही"च्या वर काय होतं ते बघून घाम फुटला. वर आमचा इंजिनिअर दुसऱ्याच कुणाला विचारत होता, "चेकिंग आज करायचं का?" हे असं छापून बिल्डरच्या वकिलाच्या हातात गेलं असतं तर सरांनी चेकिंगलाच नाही म्हटलं असं झालं असतं.

रोमनचं खरं आहे. आमचा एक सुपरवायझर तर कव्हर ब्लॉकला दर वेळी नवं नाव ठेवतो.

आता दोन प्रश्न. एक, बऱ्याच ठिकाणी सर काही लिहीतच नाहीत, फोटोवर नुसता अंगठा देतात. साइटवर तो अंगठा म्हणजे मंजुरी धरतात. तो एक्सपोर्टमध्ये येतो का? दोन, सीनियर लोकांच्या कुलूपवाल्या चॅनेलमध्ये मी नाही.

टर्मिनल_काका

अंगठा येतो. मेसेजखाली रिॲक्शन म्हणून नोंद असते, कोणी कोणी दिला त्यांच्या माळा असतात. पण केव्हा दिला ते नसतं. फोटोवर वेळ आहे, अंगठ्यावर नाही. कास्टिंगच्या आधी दिला की तीन दिवसांनी चॅनेल चाळताना दिला, हे त्या नोंदीवरून कुणालाच सिद्ध करता येणार नाही. त्यामुळे जे काम अजून चालू आहे त्यावर सरांना आजपासून "ओके" तरी टाइप करायला सांगा, व्हॉट्सॲपवर गेलात तरी. दोन अक्षरं, पण त्यांना वेळेचा शिक्का असतो.

कुलूपवाला चॅनेल: प्रो प्लॅनवर मालकालाही तो सरसकट काढता येत नाही. स्लॅककडे अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी कायदेशीर आदेश, सभासदांची संमती किंवा कायद्याने तसा अधिकार, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. तुमच्याकडे तर तिघेच आहेत, तिघेही ऑफिसातले. त्यातल्या एकाने स्वतःच्या लॉगिनने, बाकी दोघांना सांगून, स्लॅकडम्प चालवला की झालं. लोकांचं एकमेकांशी झालेलं खाजगी बोलणं मात्र वगळा. कोण कुणाच्या रजेबद्दल काय म्हणालं ते पेनड्राइव्हवर घेऊन फिरू नये. उतरवताना चॅनेलची यादी देता येते, साइटचे चॅनेल तेवढे द्या.

कोर्टगल्ली_जालना

वकील म्हणून दोन गोष्टी, कारण इथे "पुरावा" हा शब्द कुणी वापरला नाही तरी सगळं चाललंय त्यासाठीच.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी जे जुन्या कायद्यात ६५-बी होतं ते आता कलम ६३. चॅटची प्रिंट किंवा पेनड्राइव्ह कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्यापेक्षा फरक असा की प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्याच्या अनुसूचीतच दिलाय आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ देणाऱ्या पक्षाचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून हिशोबाने काढलेला तिचा ठसा, लिहायचा आहे. शा-१, शा-२५६, एमडी-५ हे पर्याय नमुन्यातच छापलेत.

प्रमाणपत्र कितपत लागतं हे आम्हा जालनेकरांना नीट माहीत आहे, कारण त्यावरचा मोठा निकाल आमच्याच निवडणुकीचा आहे. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी याचिका केली, की उमेदवारी अर्ज वेळ टळून गेल्यावर घेतला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण होतं, त्याच्या सीडी मिळाल्या, पण मागून मागून प्रमाणपत्र मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणून दाखवता येत असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच. समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून मागवा.

तुमचं मूळ यंत्र कुणाचा तरी सर्व्हर आहे, तो काही नाशिकच्या कोर्टात येणार नाही. म्हणून प्रमाणपत्राची तयारी आत्ताच करून ठेवा, माणसं जागेवर आहेत तोवर. एका कागदावर लिहा: एक्सपोर्ट कोणी केला, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवर, त्याचा मेक आणि सीरियल नंबर, झिपचं नाव, तिचा हॅश. हॅश काढायला विंडोजमध्येच सर्टयुटिल नावाची कमांड आहे, शा-२५६ सांगितलं की चौसष्ट अक्षरं देते. स्लॅकडम्पने उतरवलेल्या फोल्डरचीही एक झिप करा, तिचाही हॅश घ्या. खाली तुमची सही, सरांची सही. हा कागद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पण तीन वर्षांनी प्रमाणपत्र भरताना हाच समोर ठेवून भराल, तेव्हा कोणाला काही आठवत नसतं.

एक्सपोर्टमध्ये एखादा मेसेज नंतर बदललेला असेल तर "बदलला" अशी खूण असते, पण स्लॅकची नेहमीची सेटिंग असेल तर आधी काय लिहिलं होतं ते राहत नाही. समोरचा वकील तेच पकडेल. सरांच्या बदललेल्या मेसेजची यादी पायथन_पुणे यांच्यासारख्या कुणाकडून काढून घ्या आणि बघून ठेवा.

इतकं सांगून हेही सांगतो, की बिल्डर आणि कन्सल्टंटचे शंभरातले बहुतेक वाद कोर्टापर्यंत येत नाहीत. समोर बसून प्रिंट टेबलावर ठेवली की आवाज खाली येतो. त्यामुळे सरांचा प्रिंटचा आग्रह अगदीच वेडा नाही.

पवन_पिंपरी

माझ्या स्क्रीनशॉटचं काय झालं असतं मग?

कोर्टगल्ली_जालना

फोटो म्हणून चाललं असतं. "हा मधला मेसेज का नाही काढला?" या एका प्रश्नावर पडलं असतं.

स्लॅबवाली_नाशिक

कळवते. सरांकडून परवानगीचा कागद घेतला. सही करताना म्हणाले, "माझ्याच चॅटला माझीच परवानगी?" पण केली. स्लॅकडम्प आमच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या मदतीने शुक्रवारी रात्री लावला, सोमवारी सकाळी फोटोसकट फोल्डर तयार. आता आकार शोभतोय. सीनियर लोकांच्या चॅनेलचं काम त्यांच्यातल्या एकाने केलं, पगाराचा वगळला. जालन्याच्या वकीलसाहेबांनी सांगितला तसा कागद केला, दोन्ही हॅश हाताने न लिहिता प्रिंट काढले, कारण चौसष्ट अक्षरं हाताने लिहिली तर मीच चुकवणार. पेनड्राइव्हऐवजी दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक ऑफिसात, एक सरांच्या घरी.

पायथन_पुणे ताईंनी स्क्रिप्ट पाठवली, तिने दर साइटची एचटीएमएल फाइल झाली. सरांनी एका साइटची प्रिंट काढायला लावली आणि कागद बघून स्वतःच म्हणाले, पुरे, बाकीचं स्क्रीनवरच ठेव.

एक राहिलंय. २०२१ च्या दोन साइटवर आमच्या तेव्हाच्या ड्राफ्ट्समनने ड्रॉइंग स्लॅकवर टाकलेलीच नाहीत, गूगल ड्राइव्हच्या लिंक टाकल्यात. फोल्डरमध्ये नुसती लिंक आली. उघडली तर परवानगी मागा म्हणते. तो मुलगा २०२३ ला सोडून गेला, खातं त्याचं स्वतःचं होतं, ऑफिसचं नव्हतं. हे कुठल्या प्रोग्रामने निघेल?

टर्मिनल_काका

कुठल्याच नाही. स्लॅककडे ती फाइल कधी आलीच नव्हती, फक्त पत्ता आला होता. त्या मुलाचा नंबर असेल ना तुमच्याकडे? गोडीत फोन करा, आणि आजच करा. लिंकची यादी त्याला पाठवा, ऑफिसच्या खात्याला परवानगी द्यायला सांगा, आणि मिळाली की लगेच उतरवून घ्या, ड्राइव्हवर राहू देऊ नका. त्याची जागा भरली की पहिली उडवणार ती जुन्या नोकरीची फाइलच. उतरलेल्या ड्रॉइंगची वेगळी झिप, वेगळा हॅश, आणि कागदावर लिहा की ही गूगल ड्राइव्हवरून, अमक्याकडून, अमक्या तारखेला आली. स्लॅकच्या झिपमध्ये घुसडू नका.

स्लॅबवाली_नाशिक

नंबर आहे. त्याचे शेवटच्या महिन्याचे पैसे ऑफिसकडे अडकलेत, हे पण आहे. सरांशी आधी ते बोलते.